धारगळचा ‘ळ’ आणि एक खेळकर कळफलक

माझ्या गावाचे नाव चार अक्षरांचे आहे : धारगळ. पेडणे तालुक्यातले हे गाव राष्ट्रीय महामार्गावर आहे आणि पत्रादेवीची सीमा ओलांडली की पुढे बांदा, मग सावंतवाडी. पोर्तुगिजांनी या नावाचे रोमन लिपीत ‘दारगालिम’ केले. त्यात आरंभीच्या ‘ध’मधला महाप्राण गेला आणि शेवटचा ‘ळ’ही गेला. पोर्तुगिज राज्य १९६१ साली संपले, पण रोमन अक्षरांतले ते नाव अजून कागदोपत्री नांदते आहे. देवनागरीत मात्र आम्ही ‘ळ’ सोडलेला नाही. तो सोडला तर गाव आमचे राहत नाही, असे मला मनापासून वाटते.

हेच नाव संगणकावर इनस्क्रिप्ट मांडणीने लिहायचे तर पाच चिन्हांसाठी सात कळा दाबाव्या लागतात. ‘ध’साठी शिफ्ट आणि ‘ळ’साठी पुन्हा शिफ्ट. धडधाकट हातांना हे जाणवतही नाही. ज्याच्या डाव्या हाताची करंगळी शिफ्ट धरून ठेवू शकत नाही, त्याच्यासाठी मात्र गावाचे नाव ‘दारगल’ होऊन बसते. पोर्तुगिजांनी जे लेखणीने केले, ते इथे एका कळीने होते.

आमच्या कचेरीत तीस वर्षे टंकलेखन करणारे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. आम्ही सारे त्यांना भाऊ म्हणतो. मराठी टंकलेखनाची चाळीस शब्दांची परीक्षा त्यांनी तरुणपणी सावंतवाडीस उत्तीर्ण केली. गोदरेजच्या यंत्रावर त्यांची बोटे अशी चालत की पक्षकार बोलणे थांबवून ऐकत बसत. पुढे यंत्र जाऊन संगणक आला, तेव्हा त्यांनी पन्नाशीत इनस्क्रिप्टही आत्मसात केले. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात शाबूत राहिला. डाव्या हाताची पहिली दोन बोटे हळूहळू कामाला लागली, बाकीची लागली नाहीत.

आमचे बरेचसे काम जमिनीचे. कुळांचे दावे, मुंडकारांचे दावे, वाटण्या, एक-चौदाचे उतारे. अशा कामात ‘ळ’ हे अक्षर काय तोलाचे आहे, हे भाऊ परत कामावर आले तेव्हा उमगले. त्यांच्या मसुद्यात ‘कूळ’ या शब्दाचे ‘कूल’ झाले. ‘मूळ मालक’ याचे ‘मूल मालक’ झाले, म्हणजे जमीन एका बालकाच्या नावे झाली. ‘शेतात गाळ साचला’ याचे ‘शेतात गाल साचला’ झाले. सुरुवातीला सगळेच हसले, भाऊही हसले. नंतर त्यांनी हसणे बंद केले आणि एक दिवस किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “आता नवीन माणूस बघा.”

संगणकात यावर एक सोय असते, ती ठाऊक असलेले वाचक लगेच सुचवतील. शिफ्ट धरून न ठेवता एकदा दाबून सोडायची आणि मग अक्षर दाबायचे. ती आम्ही वापरून पाहिली. परंतु इनस्क्रिप्टमध्ये दहाही महाप्राण व्यंजने शिफ्टखाली आहेत. ण, ळ, श, ष तिथेच आहेत आणि अ-आ-इ-ईसारखे स्वतंत्र स्वरही तिथेच. मराठीचे एक साधे वाक्य लिहिताना माणूस इतक्या वेळा शिफ्टकडे जातो की दोन पावलांच्या वाटेत चार उंबरे ओलांडावेत. तेव्हा मी ठरवले की भाऊंसाठी शिफ्ट नसलेला कळफलक घडवायचा.

इनस्क्रिप्टची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ती मांडणी आखली. १९९१ साली भारतीय मानक १३१९४ मध्ये, म्हणजे ‘इस्की’ संकेतप्रणालीच्या मानकात, तिला स्थान मिळाले. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने आणि अल्पप्राणाच्याच कळीवर शिफ्टने त्याचा महाप्राण, ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. मात्र ती भारतातल्या अनेक लिप्यांसाठी एकत्र केलेली असल्याने प्रत्येक भाषेच्या वाट्याला थोडी थोडी तडजोड आली. मराठीच्या प्रमाणलेखनात नुक्ता लागत नाही, पण त्याला शिफ्टविना कळ मिळाली. ‘ळ’ मराठीत पावलोपावली लागतो आणि तो ‘ल’च्या डोक्यावर शिफ्टच्या आडोशाला बसला. ‘कळफलक’ हा शब्दच ‘ळ’वाचून लिहिता येत नाही, एवढे सांगितले तरी पुरे.

कळफलकाची मांडणी ही निसर्गनियमाने ठरत नाही, कोणीतरी ती ठरवतो. इंग्रजीची प्रचलित मांडणी १८७४ साली बाजारात आलेल्या शोल्स आणि ग्लिडन यांच्या रेमिंग्टन यंत्राबरोबर रूढ झाली. सालाझारच्या राजवटीने १९३७ साली पोर्तुगिज भाषेसाठी स्वतंत्र मांडणी काढली. तिच्या वरच्या ओळीत एच, सी, ई, एस, ए, आर ही अक्षरे ओळीने येत, म्हणून तिला ‘एचसेसार’ असेच नाव पडले. त्या राजवटीविषयी गोमंतकीयांना काय वाटते ते सांगायला नको. परंतु आपल्या भाषेची अक्षरे बोटांखाली कोणत्या क्रमाने यावीत, हा राज्यकारभाराचा विषय आहे, एवढे तिला कळले होते. आपल्याकडे उलट घडले. टंकयंत्राला सुमारे शेहेचाळीस कळा आणि प्रत्येकीवर दोन चिन्हे. तेवढ्यात देवनागरी बसेना, म्हणून जोडाक्षरे मोडली गेली, आणि अ-ला वेलांट्या-उकार लावून ‘अि, अी, अु, अू’ लिहावे असा आग्रह धरणारे लिपिसुधारकही झाले. यंत्र लहान होते, म्हणून लिपीने अंग चोरले.

आज यंत्राने अंग चोरण्याचे कारण उरलेले नाही. माझी पुतणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने मला पहिली गोष्ट शिकवली ती ही की कळफलकाला अक्षरे येतच नाहीत. तो संगणकाला केवळ क्रमांक पाठवतो. इंग्रजी ‘के’च्या कळीचा क्रमांक १४, ‘एन’च्या कळीचा १७. संगणकात मराठी इनस्क्रिप्ट चालू असेल तर १४ म्हणजे ‘क’ आणि शिफ्टसह १७ म्हणजे ‘ळ’. याचा अर्थ असा की माझ्या कळफलकावर ‘ळ’ची एकच कळ ठेवावी आणि ती दाबताच आतल्या चिपने ‘शिफ्ट आणि १७’ असे परस्पर पाठवावे. संगणकाला वाटेल की कोणीतरी शिफ्ट दाबली. भाऊंनी फक्त ‘ळ’ दाबलेला असेल. वकिली भाषेत याला मुखत्यारपत्र म्हणता येईल.

मग कळा किती, हा प्रश्न आला. आम्ही मोजदाद केली. ‘क’पासून ‘म’पर्यंत पंचवीस स्पर्श व्यंजने. य, र, ल, व, श, ष, स, ह आणि ळ मिळून चौतीस. ‘ऱ्’ला स्वतंत्र कळ दिली, पस्तीस. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि सह्याद्री यांच्याएवढे अंतर आहे, आणि समुद्र व सह्याद्री यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत राहणाऱ्यांना तरी ते लिहिता आले पाहिजे. ॲ आणि ऑ धरून स्वर तेरा, म्हणजे अठ्ठेचाळीस. अनुस्वार, विसर्ग, हलन्त, मोकळी जागा, नवी ओळ, खोडणे, स्वल्पविराम आणि पूर्णविराम मिळून छप्पन्न. अंकांसाठी बाजारात मिळणारा छोटा अंकफलक शेजारी ठेवला.

छप्पन्न कळांना छप्पन्न तारा लागत नाहीत. कळा आडव्या-उभ्या ओळींत जोडतात आणि चिप एकेक ओळ क्रमाने तपासत जाते. सात आडव्या, आठ उभ्या, एकूण पंधरा तारा. रास्पबेरी पाय पिको नावाच्या बोटभर पट्टीवर अशा जोडणीला सव्वीस जागा असतात, त्यामुळे काम निभावले. प्रत्येक कळीला एक डायोड लावावा लागतो. तो नसेल तर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांतल्या कळा एकदम दाबल्या असता चौथी न दाबताच उमटते. या प्रकाराला जाणकार भुताटकी म्हणतात. न केलेल्या कृत्याची नोंद होणे हे वकिलाला अपरिचित नाही. डायोड हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

या आडव्या-उभ्या ओळी कागदावर आखताना मला शाळेतली भिंत दिसू लागली. आपल्या वर्णमालेतली पंचवीस स्पर्श व्यंजने ही मुळातच पाच बाय पाचची जोडणी आहे. आडव्या ओळीत उच्चाराचे स्थान : कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. उभ्या ओळीत उच्चाराचा प्रयत्न : अघोष, सघोष, अल्पप्राण, महाप्राण, अनुनासिक. ओळ आणि स्तंभ सांगितला की अक्षर सापडते. चिपला कळ सापडते तीही याच रीतीने. मग दुसरी मांडणी शोधण्याचे कारण काय? उजव्या हाताखाली आम्ही वर्णमाला जशीच्या तशी बसवली.

येथून पुढे काम खेळकर झाले, आणि ते तसे होऊ दिले. कळफलकाच्या या यांत्रिक स्विचांत प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग असते. कळ चार मिलिमीटर खाली जाते आणि साधारण दोन मिलिमीटरवर अक्षर उमटते. नेहमीच्या हलक्या स्विचला ४५ ग्रॅमच्या आसपास दाब लागतो. स्प्रिंगा वेगवेगळ्या दाबांच्या मिळतात, हे कळल्यावर पुतणी म्हणाली, “काका, महाप्राणाला जास्त जोर लावायचा ना?” तेव्हा ख, घ, छ, झ यांच्या स्तंभांना ६२ ग्रॅमच्या स्प्रिंगा घातल्या. ‘क’ सहज दबतो, ‘ख’साठी बोटाला किंचित श्वास घ्यावा लागतो. ङ, ञ, ण, न, म या अनुनासिकांना आवाज दाबणारे स्विच लावले, म्हणजे त्यांचा नाद नाकातल्या नाकात राहतो. ह्रस्व स्वरांना १९ मिलिमीटर रुंदीच्या कळा दिल्या आणि दीर्घ स्वरांना त्यांच्या दीडपट. ‘इ’ आणि ‘ई’ यांतला भेद व्याकरणाच्या पुस्तकात डोळ्यांनी शिकावा लागतो, इथे तो बोटाला लागतो. स्वरांच्या साऱ्या कळांना सर्वांत हलक्या, ३५ ग्रॅमच्या स्प्रिंगा घातल्या, कारण त्या डाव्या हाताखाली येतात आणि भाऊंच्या डाव्या हाताची दोनच बोटे चालतात.

स्वरांचा आणखी एक पेच होता. ‘आ’ आणि काना ही एकाच स्वराची दोन रूपे. त्यांना दोन कळा द्याव्यात तर कळा वाढतात, एक द्यावी तर कोणते रूप उमटायचे? तोडगा मराठीच्या स्वभावातच सापडला. चिपला मागची कळ लक्षात ठेवायला शिकवले. मागे व्यंजन असेल तर काना उमटतो, शब्दाच्या आरंभी किंवा स्वरानंतर असेल तर ‘आ’. ‘भाऊ’ लिहिताना भ, आ, ऊ एवढेच दाबायचे. पहिला स्वर कान्याचे रूप घेतो, दुसरा स्वतंत्र राहतो. ‘मऊ’ लिहायचे तर म, अ, ऊ. मधला ‘अ’ कागदावर दिसत नाही, पण ‘म’मध्ये तो आहेच, आणि कळफलकाला त्याची जाणीव दिली की पुढचा ‘ऊ’ वेगळा उभा राहतो. व्यंजनात ‘अ’ अंगभूत असतो हे व्याकरण आपण पाठ करतो, येथे ते चालवून पाहता आले. माउसने मजकुरात भलतीकडे उडी मारली तर चिपची आठवण निरुपयोगी ठरते. त्यासाठी स्वराची कळ लांब दाबली की स्वतंत्र रूपच उमटेल अशी सोय ठेवली.

माझ्या व्यवसायाच्या नावाचे पहिले अक्षर, ‘ॲडव्होकेट’मधला ‘ॲ’, युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आला तो २००८ साली. तोवर कोणी अ-वर चंद्रकोर चिकटवीत असे, तर कोणी ‘ए’वर. कितीतरी मराठी वकिलांची नावे संगणकावर अशी ठिगळे लावून फिरत होती. जुन्या मांडण्यांत या अक्षराला जागा नाही. आमच्या कचेरीतल्या संगणकावर लिनक्स असल्याने मांडणीच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवून ती जागा करता आली.

राहिला ‘ळ’. त्याला आम्ही अंगठा दिला. उजव्या अंगठ्याखाली, मोकळ्या जागेच्या शेजारी, दुप्पट रुंदीची कळ. बाकीच्या टोप्या प्लॅस्टिकच्या आहेत, पाच वर्गांना पाच रंग. ‘ळ’ची टोपी मात्र लाकडाची आणि तिच्यावर सावंतवाडीच्या चितार आळीत लाखकाम करून घेतले. ज्या गावाने गंजिफांची विद्या जपली, त्याला एका अक्षराची टोपी रंगवणे जड नव्हते. जड गेले ते टोपीच्या पोटातले काम. स्विचच्या माथ्यावर अधिकचिन्हासारखा चार मिलिमीटरचा दांडा असतो आणि तो बसेल अशी बारीक खाच लाकडात टिकत नाही. शेवटी प्लॅस्टिकच्या टोपीचा गाभा कापून लाकडाच्या पोटात चिकटवला. फलकाचे खोड फणसाच्या लाकडाचे, ते धारगळच्याच मेस्तांनी केले. अशा रीतीने लाकूड गोव्याचे, रंग महाराष्ट्राचा, आणि दोन्हींच्या मधली सीमा ओलांडायला स्विचला काही अडचण आली नाही.

भाऊंसमोर तो ठेवला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ह्या वयात तुमी माका परत बिगरीत घालतलात काय?” त्यांचे म्हणणे एका अर्थी खरे होते. वर्णमालेचा क्रम हा टंकलेखनाला सोयीचा क्रम नव्हे. ‘ङ’ आणि ‘ञ’ मराठीत क्वचित लागतात, तरी त्यांना ‘न’ आणि ‘म’ यांच्या पंक्तीची जागा मिळते. वेगाच्या शर्यतीत हा कळफलक इनस्क्रिप्टच्या मागे पडेल, हे मी त्यांना आधीच सांगितले. परंतु भाऊंना शर्यत जिंकायची नव्हती. त्यांना प्रत्येक अक्षर शोधावे न लागता आणि दुसऱ्या हाताची याचना न करता लिहायचे होते. ज्या क्रमाने ती अक्षरे सहाव्या वर्षी त्यांच्या जिभेवर बसली, तो क्रम झटक्यानेही पुसला नव्हता. तिसऱ्या दिवशी ते फलकाकडे न बघता लिहू लागले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एका वाटणीदाव्याचा सहा पानी मसुदा माझ्या हाती दिला. त्यात ‘मूळ मालक’ अकरा वेळा आला होता आणि अकराही वेळा मालक वयात आलेला होता. टेबलावरच्या किल्ल्या त्यांनी न बोलता उचलून खिशात टाकल्या.

हे सारे भाषेच्या चळवळीच्या जागी का लिहावे, असे कोणी विचारील. आपण सीमाभागातली माणसे पाट्यांसाठी, शाळांसाठी, परिपत्रकांसाठी भांडत आलो. गोव्यात १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा शासकीय कामासाठी वापर करण्याची तरतूद राहिली. संविधानाच्या अनुच्छेद ३५० अन्वये कोणालाही आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या भाषेत देता येते. अनुच्छेद २९ तर भाषेच्या जोडीला लिपीचाही स्पष्ट उल्लेख करून ती जतन करण्याचा हक्क देतो. हक्क कागदावर आहे, परंतु निवेदन लिहिणारा संगणकापुढे बसतो तेव्हा त्याच्या आणि त्या हक्काच्या मध्ये एक कळफलक असतो. तो अवघड वाटला की तरुण मुलगा रोमन अक्षरांत मराठी लिहितो आणि ल-ळ, न-ण यांचा निवाडा यंत्रावर सोपवतो. म्हातारा माणूस किल्ल्या टेबलावर ठेवतो. दोघांनीही भाषा सोडलेली नसते. त्यांच्या बोटांना मात्र ती सापडेनाशी होते.

शेवटी एक गोष्ट बेळगाव, खानापूर, हल्याळकडच्या वाचकांसाठी. इनस्क्रिप्टची मांडणी सर्व भारतीय लिप्यांना सामाईक असल्याने समान उच्चाराचे अक्षर त्याच कळीवर येते. आमचा फलक पुतणीने गंमत म्हणून कन्नड मांडणी लावलेल्या संगणकाला जोडला. टोप्यांवर देवनागरी होती, पडद्यावर कन्नड अक्षरे उमटू लागली. अंगठ्याने ‘ळ’ दाबला तर कन्नडातला ‘ळ’ आला. बेळगाव लिहा किंवा बेळगावी लिहा, मधले अक्षर तेच आहे आणि त्याचा क्रमांकही तोच : शिफ्ट आणि १७. त्या शहराच्या नावावरून चाललेला वाद मी येथे मिटवू शकत नाही, आणि हक्काचा दावा सोडावा असेही सुचवीत नाही. पण दोन्ही बाजूंच्या घरात भाऊंसारखे कोणी असेल, ज्याला हे अक्षर बोटाखाली हवे आहे, तर त्याने कळवावे. आराखडा, तारांचा नकाशा आणि चिपमधली आज्ञावली आम्ही कोणालाही देऊ. फणसाचे लाकूड ज्याने त्याने आपल्या गावचे घ्यावे.